अण्णा म्हणाले, ही तर वर्गणी

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक फ्रेम आहे. आत ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा एक शेअर, माझ्या नावाचा. डिसेंबर २०२१ मध्ये ३०० डॉलर भरून घेतलेला. मुलगी तेव्हा सातवीत होती, तिनेच हट्ट धरला होता.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा आमच्याकडे राहायला आले. आले त्याच दिवशी प्रवासाचा शीण विसरून ते त्या फ्रेमसमोर उभे राहिले. माझे वडील ३१ वर्षं आमच्या तालुक्यातल्या सहकारी साखर कारखान्यात हिशेब खात्यात होते. भागदाखला त्यांना लांबून ओळखू येतो. चष्मा कपाळावर सरकवून, नाक काचेला टेकेल इतक्या जवळून त्यांनी सगळा मजकूर वाचला आणि विचारलं, "ताई, लाभांश किती टक्के?"

"लाभांश नाही देत, अण्णा."

"बरं. विकायचा झाला तर?"

"विकता येत नाही. घरातल्या माणसाच्या नावावर करता येतो."

"मॅचचं तिकीट तरी मिळतं का?"

"त्याची यादी वेगळी. लाखाच्या वर नावं आहेत त्या यादीत."

अण्णा खुर्चीत बसले. चहाचा कप हातात तसाच. मग म्हणाले, "हा शेअर नाही गं. ही वर्गणी आहे. पहिल्यांदा कोणी गोळा केली? आणि पैसे कोणाच्या हातात होते?"

त्या दोन प्रश्नांवर आमचा अख्खा उन्हाळा गेला. मी इथे कागदाच्या गिरणीत रसायनतज्ज्ञ म्हणून कामाला लागले त्याला आता अकरा वर्षं झाली. या गावात राहून पॅकर्सची गोष्ट कानावर पडणार नाही असं होतच नाही, पण अण्णांना सांगायची म्हणून मी ती नीट वाचली, जुन्या जागा पायी फिरले. इथे लिहितेय ते त्यातूनच आलेलं.

आधी गावाबद्दल. ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातलं, मिशिगन सरोवराच्या एका खाडीच्या टोकाशी, फॉक्स नदीच्या मुखावर वसलेलं गाव. आज लोकसंख्या लाखभर. १९२० मध्ये जेमतेम ३१ हजार होती. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस, डॅलस अशी सगळी महानगरं. आणि त्यांच्या रांगेत आमचं हे एवढंसं गाव. लीग सुरू झाली तेव्हा अशी लहान गावं पुष्कळ होती: कँटन, रॉक आयलंड, मन्सी, डिकेटर, डुलूथ, रसीन. एकेक करून सगळ्यांचे संघ बुडाले किंवा मोठ्या शहरात गेले. डिकेटरचा संघ शिकागोला गेला, तोच आजचा बेअर्स. ग्रीन बेचा मात्र जागचा हलला नाही. तो का हलला नाही, याचं उत्तर अण्णांच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. पैसे कोणाच्या हातात होते.

११ ऑगस्ट १९१९. ग्रीन बे प्रेस-गझेट या स्थानिक दैनिकाच्या संपादकीय खोलीत संध्याकाळी काही तरुण जमले. बोलावणारे दोघे होते. एक अर्ल लॅम्बो, वय २१, कुरळ्या केसांमुळे सगळं गाव त्याला कर्ली म्हणायचं. इथल्याच ईस्ट हायस्कूलचा नामांकित खेळाडू. आदल्या वर्षी तो नोटर डेम विद्यापीठात शिकायला गेला होता, नूट रॉकनी या थोर प्रशिक्षकाच्या हाताखाली एक मोसम खेळलाही. पण टॉन्सिल्स सुजले, घरी यावं लागलं, आणि घरी आल्यावर इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरी मिळाली. महिना २५० डॉलर. त्या काळात २१ वर्षांच्या मुलाला हा पगार म्हणजे घबाड. तो परत कॉलेजला गेलाच नाही. कॉलेज सुटलं याचं त्याला फार वाईट वाटलं असं दिसत नाही, फुटबॉल सुटला याचं वाटलं.

दुसरा जॉर्ज व्हिटनी कॅल्हून. वय २८, प्रेस-गझेटचा क्रीडा संपादक, तोंडात कायम सिगार. खेळायला एक, आणि गावाला खेळाकडे ओढून आणायला एक, अशी ही जोडी. ग्रीन बेमध्ये याआधीही गावकी संघ होऊन गेले होते. एकेक मोसम खेळून विरायचे, जसे आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत कबड्डीचे संघ उभे राहतात आणि नवरात्र संपेतो विसरले जातात. पण त्यांच्यापैकी कोणाकडे रोज छापखान्यात बसणारा माणूस नव्हता. कॅल्हूनने खेळाडूंना बोलावणारी बातमी छापली, तीन दिवसांनी, १४ ऑगस्टला, पुन्हा सभा घेतली, त्यात लॅम्बो कॅप्टन झाला आणि कॅल्हून मॅनेजर.

गणवेशाला पैसे नव्हते. लॅम्बोने आपल्या कंपनीचे साहेब फ्रँक पेक यांच्याकडे शब्द टाकला आणि कंपनीने ५०० डॉलर दिले, शिवाय सरावाला आपलं मैदान दिलं. कंपनीचा धंदा डबाबंद मांसाचा. मांस डब्यात भरणारे ते पॅकर. संघाचं नाव तिथून आलं आणि शंभर वर्षं टिकलं. कंपनी स्वतः मात्र दोन वर्षंसुद्धा टिकली नाही, दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली.

अण्णांना मी हॅगमायस्टर पार्कची जागा दाखवायला नेलं. ईस्ट रिव्हरच्या काठाला आज तिथे ईस्ट हायस्कूल आहे. १९१९ मध्ये तिथे ना कुंपण होतं, ना बसायला बाकं, ना तिकीटखिडकी. दोऱ्या बांधून मैदान आखायचं. लोक दोरीलगत उभे राहायचे आणि खेळ जसा पुढे सरकेल तसे बाजूने चालत सरकायचे. मध्यंतरात दोन्ही संघ आपापल्या टोकाला जमिनीवर बसायचे, आणि लोक त्यांच्याभोवती कोंडाळं करून कॅप्टनचं बोलणं ऐकायचे. मला हे चित्र फार आवडतं. कोपऱ्यावर उभं राहून मी अण्णांना सांगत होते आणि ते गवताकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मग पैसे?"

टोपीत. कॅल्हून डोक्यावरची टोपी काढायचा आणि गर्दीतून फिरायचा, कीर्तन संपल्यावर आरतीचं ताट फिरतं तसा. पाच-दहा सेंटची नाणी पडायची. त्यातून प्रवासखर्च, चेंडू, मलमपट्टी. पहिला सामना १४ सप्टेंबरला झाला, मिनॉमिनीच्या संघाला ५३–० असं हरवलं. त्या मोसमात ११ सामने झाले, १० जिंकले, एकूण ५६५ गुण केले आणि १२ दिले. हरलेला एकच, शेवटचा, बलॉइट गावात, ६–०. पंच बलॉइटकडचा होता आणि त्याने आपल्या टचडाउनचे गुण नाकारले असं ग्रीन बेकर पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले. मोसम संपल्यावर टोपीतले उरलेले पैसे सगळ्या खेळाडूंत वाटले. प्रत्येकाच्या वाट्याला आले १६ डॉलर ७५ सेंट.

"समान वाटले?" अण्णांनी विचारलं.

"समान."

"कॅप्टनलाही तेवढेच?"

"तेवढेच."

अण्णांनी मान डोलावली. त्यांच्या लेखी त्या संघाची पायाभरणी तिथे झाली.

पुढच्या वर्षी पार्काला कुंपण पडलं आणि तिकीट सुरू झालं. १९२१ मध्ये नव्या मालक कंपनीच्या, ॲक्मी पॅकिंगच्या नावावर पॅकर्स लीगमध्ये आले. आणि पहिल्याच वर्षी एक चूक झाली, मोठी चूक. मोसमाच्या शेवटच्या एका सामन्यात पॅकर्सनी नोटर डेमचे शिकत असलेले खेळाडू खोट्या नावांनी उतरवले. विद्यार्थ्यांना व्यावसायिक सामन्यात खेळवायचं नाही हा लीगचा नियम. त्या काळी बरेच संघ हे करत होते, पण पकडले गेले पॅकर्स. जानेवारी १९२२ मध्ये संघाची फ्रँचायझी, म्हणजे लीगमध्ये खेळण्याचा हक्क, काढून घेतली गेली. इथे गोष्ट संपली असती.

लॅम्बोचं खरं मोठेपण मला इथे दिसतं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कंपनी बाजूला झाली होती. पोरगा २४ वर्षांचा, लग्न झालेलं. त्याने जून १९२२ मध्ये स्वतःच्या नावाने फ्रँचायझी परत मिळवली. त्याच बैठकीत लीगने आपलं नाव बदलून नॅशनल फुटबॉल लीग असं ठेवलं. इथे एक गोष्ट गावाला तोंडपाठ आहे: लॅम्बोकडे प्रवासालाही पैसे नव्हते, डॉन मर्फी नावाच्या मित्राने आपली मोटार विकून ते दिले, आणि बदल्यात मोसमाच्या पहिल्या सामन्यात एक मिनिट खेळायची अट घातली. अभ्यासक ही गोष्ट तशीच्या तशी खरी धरत नाहीत. अण्णांना मात्र ती मनापासून पटली. "कारखान्याचा शेअर घ्यायला तुझ्या आजोबांनी जोडीतला एक बैल विकला होता," ते म्हणाले. हे मला माहीत नव्हतं. चाळिशी ओलांडल्यावर, दुसऱ्या देशातल्या एका शाळेच्या मैदानाबाहेर उभं राहून मला ते कळलं.

फ्रँचायझी मिळाली आणि आभाळ फाटलं. १९२२ चा मोसम पावसाने धुतला. पाऊस पडला की गर्दी नाही, गर्दी नाही की पाहुण्या संघाला कबूल केलेली रक्कम खिशातून द्यायची. त्यांनी पावसाचा विमाही उतरवला होता. एका सामन्याला धो धो पडला, सगळे भिजले, पण मोजला तेव्हा विम्याच्या अटीपेक्षा इंचाच्या शंभराव्या भागाने कमी भरला. विमा कंपनीने पैसे दिले नाहीत. हे ऐकताना अण्णांचा चेहरा मी विसरणार नाही. पीकविम्याचे किती अर्ज त्यांनी शेतकऱ्यांना भरून दिले असतील, आणि किती फेटाळलेले पाहिले असतील.

मग आला थँक्सगिव्हिंग या अमेरिकेतल्या मोठ्या सणाचा दिवस, ३० नोव्हेंबर. डुलूथचा संघ गावात येऊन थांबलेला, आणि सकाळपासून पाऊस. खेळलं तर प्रेक्षक येणार नाहीत आणि डुलूथला पैसे तर द्यावे लागणार. नाही खेळलं तर गावाचा विश्वास जाणार. लॅम्बो आणि कॅल्हून या कात्रीत असताना तिसरा माणूस पुढे आला: अँड्र्यू टर्नबुल, प्रेस-गझेटचा व्यवस्थापक. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की सामना खेळा, तोटा होऊ द्या, नंतर गावाला सोबत घेऊन मी यातून मार्ग काढतो. ते खेळले. जिंकलेही. आणि कर्जात बुडाले.

टर्नबुलने शब्द पाळला. आठवडाभरातच, ७ डिसेंबरला, त्याने गावातल्या व्यापारी-व्यावसायिकांची सभा भरवली. दीडशेच्या आसपास माणसं आली. तिथे ठरलं ते १९२३ च्या ऑगस्टमध्ये कागदावर आलं: ग्रीन बे फुटबॉल कॉर्पोरेशन. एक हजार शेअर, प्रत्येकी पाच डॉलर, आणि शेअर घेणाऱ्याने मोसमाची सहा तिकिटंही घ्यायची. ५,००० डॉलर जमले. टर्नबुल पहिला अध्यक्ष झाला.

या ५,००० डॉलरपेक्षा मला त्या कागदातलं एक कलम मोठं वाटतं. ही संस्था नफ्यासाठी नाही. भागधारकाला नफ्यातला एक पैसाही मिळणार नाही. आणि कधीकाळी संघ विकायची वेळ आली तर आलेली सगळी रक्कम गावातल्या माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन पोस्टला जाईल, शहीद सैनिकांच्या स्मारकासाठी. म्हणजे संघ विकून कोणाचाच फायदा होऊ शकत नाही. मोठ्या शहरातला एखादा धनवान थैली घेऊन आला तरी इथल्या कोणाच्या मनात ती घ्यायचा विचार येण्याचं कारणच उरत नाही. तो कागद पहिल्या महायुद्धानंतर अवघ्या पाच वर्षांनी लिहिलेला आहे. गावातली पोरं फ्रान्समध्ये मातीत गेली होती. १९९७ मध्ये त्या पोस्टच्या जागी पॅकर्सच्या धर्मादाय प्रतिष्ठानाचं नाव आलं. कलमाचा गाभा तोच राहिला.

हे कलम मी अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. "हे लिहिणाऱ्याला माणसांची पारख होती," ते म्हणाले. आमच्या भागात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांचं भागभांडवल जमवलं आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांना अध्यक्ष केलं, त्या काळाच्या गोष्टी अण्णा लहानपणी ऐकत वाढले. लोकांचे पैसे जमवणं आणि ते लोकांचेच राहतील अशी तजवीज करणं, ही दोन वेगळी कामं आहेत हे त्यांनी नोकरीत जवळून पाहिलं होतं. त्यावर ते फार बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

लॅम्बो, टर्नबुल, वकील जेराल्ड क्लिफर्ड, डॉक्टर वेबर केली आणि किराणा मालाचे घाऊक व्यापारी लेलँड जोॲनिस. या पाच जणांना गाव 'हंग्री फाइव्ह' म्हणायचं, भुकेले पाच. कारण कोणाच्याही दारात हे उभे राहिले की वर्गणी मागायलाच आले असणार. डॉक्टर खेळाडूंच्या दुखापती बघायचा, वकील करार लिहायचा, व्यापारी गरज पडली की स्वतःच्या पदरचे घालायचा. मैदानावर लॅम्बो राज्य करत होता. पैशाच्या पेटीला पाच हात होते.

खेळाचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. लॅम्बोने चेंडू हवेतून फेकायच्या खेळावर भर दिला, जेव्हा बाकीचे संघ चेंडू पोटाशी धरून धडका देण्यातच पुरुषार्थ मानत होते. १९२९, १९३०, १९३१ अशी सलग तीन विजेतेपदं. पहिलं मिळवून आगगाडी गावात शिरली तेव्हा स्टेशनावर सुमारे २० हजार लोक होते, म्हणजे जवळजवळ निम्मं गाव. १९३५ मध्ये डॉन हटसन आला, पळत पळत पास झेलण्याची आज जी कला दिसते ती त्याच्यापासूनची. १९३६, १९३९ आणि १९४४ मध्ये आणखी तीन विजेतेपदं. मधल्या काळात एक प्रेक्षक लाकडी स्टँडवरून पडला, कोर्टात गेला, जिंकला, आणि क्लबची विमा कंपनी नेमकी तेव्हाच बुडालेली. १९३३ मध्ये क्लब न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या ताब्यात गेला. पुन्हा वर्गणी. १९३५ मध्ये गावाने १५,००० डॉलर जमवून तो सोडवला. मंदी ऐन भरात असताना.

आता जे लिहायचं ते लिहायला मला जड जातं. पण पॅकर्सवर प्रेम करणाऱ्याने हे टाळू नये असं मला वाटतं.

इतकी वर्षं यश मिळाल्यावर लॅम्बोला तो संघ आपला वाटू लागला. हिवाळे कॅलिफोर्नियात जाऊ लागले. १९४६ मध्ये त्याने गावाबाहेर, खाडीवरच्या उंच कड्यावर, रॉकवुड लॉज नावाची मोठी वास्तू संघासाठी घ्यायला लावली. खेळाडूंनी तिथेच राहायचं, तिथेच सराव करायचा. पण जमीन पातळ, खाली चुनखडकाचा थर. खेळाडूंचे पाय ठणकायला लागले, सराव परत गावात आणावा लागला. आणि खेळाडू गावाच्या नजरेआड गेले. जे लोक त्यांना रोज रस्त्यात, दुकानात, चर्चमध्ये भेटत होते त्यांच्यापासून दूर.

१९४७ मध्ये कॅल्हूनला बाजूला केलं. २८ वर्षं तो संघाच्या प्रसिद्धीचं काम सांभाळत होता. टोपी फिरवणारा माणूस. लॅम्बोने त्याच्या जागी बाहेरून दुसरा आणला, आणि कॅल्हूनला ते कळलं कसं, तर वृत्तपत्राच्या कचेरीतल्या तारयंत्रावर आलेल्या बातमीतून. आयुष्यभर ज्या यंत्राशेजारी बसून त्याने पॅकर्सच्या बातम्या जगाला पाठवल्या, त्याच यंत्रातून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली आणि त्यावर त्याची स्वतःची बातमी. मी प्रेस-गझेटच्या जुन्या इमारतीसमोरून जाते तेव्हा मला दर वेळी ती पट्टी दिसते. तो हात पुढे करून फाडत असेल, सवयीने.

१९४८ मध्ये ९ सामने हरले, १९४९ मध्ये १०. तिजोरीत खडखडाट. १९४९ च्या थँक्सगिव्हिंगला पॅकर्सनी आपसातच, दोन तुकड्या करून, बर्फात सामना खेळला, निवृत्त झालेले जुने खेळाडू परत आले, हटसनही आला. गावाने तिकिटं घेऊन सुमारे ५०,००० डॉलर उभे केले. आणि याच सुमारास लॅम्बोने सुचवलं की बाहेरचे गुंतवणूकदार आणू, क्लबचं स्वरूप बदलू, नफ्यावर चालवू.

संचालकांनी नाही म्हटलं.

पाच डॉलरवाल्या कागदाची ती खरी परीक्षा होती, आणि ती घ्यायला संस्थापकच समोर उभा होता. ज्याने २१ व्या वर्षी संघ काढला, ज्याच्यामुळे तो लीगमध्ये परत आला, ज्याने सहा विजेतेपदं आणली, त्याला हे गाव नाही म्हणालं. मला दोन्ही बाजूंबद्दल आतून तुटतं. लॅम्बो चुकत होता असं मी स्वच्छ म्हणेन. पण तो नसता तर चुकायला संघच नसता.

२४ जानेवारी १९५० ला रॉकवुड लॉज जळून खाक झालं. विम्याचे ७५,००० डॉलर मिळाले, आणि ज्या क्लबला पगार भागवायची भ्रांत होती तो त्या पैशांवर तगला. या वेळी विम्याने पैसे दिले. आठवड्याभरात, १ फेब्रुवारीला, लॅम्बोने राजीनामा दिला आणि तो शिकागोच्या कार्डिनल्सकडे गेला. ३१ वर्षं. त्याच वर्षी गावात पुन्हा शेअर विकले गेले, २५ डॉलरला एक, आणि सुमारे १,१८,००० डॉलर जमले.

आमच्या शेजारच्या आजींच्या घरात १९५० चा एक शेअर आहे, त्यांच्या वडिलांच्या नावाचा, नंतर त्यांच्या नावावर केलेला. वडील दूध घालायचे. आजींनी तो अण्णांना दाखवायला पेटीतून काढला. मलमलीच्या कापडात गुंडाळलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. अण्णांना इंग्रजी बोलण्याची सवय नाही, आजींना अण्णांची भाषा येत नाही. मी मध्ये बसले होते, पण माझी गरज पडली नाही. अण्णांनी दोन्ही हातांनी, कडा न धरता तळव्यांवर तो कागद घेतला, क्रमांक वाचला, शिक्का वाचला, आणि तसाच दोन्ही हातांनी परत दिला.

१९५७ मध्ये गावाने नवं स्टेडियम बांधलं. १ जून १९६५ ला लॅम्बो गेला, हृदयविकाराने, इथून तासाभराच्या अंतरावरच्या स्टर्जन बे गावात. त्याच वर्षी स्टेडियमला लॅम्बो फील्ड हे नाव दिलं. आता तिथे ८१ हजारांवर लोक बसतात. बाहेर त्याचा पुतळा आहे, शेजारी संघाचा नंतरचा थोर प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी याचा. कॅल्हून त्याच्या दीड वर्ष आधी, डिसेंबर १९६३ मध्ये गेला.

जुलैमध्ये भागधारकांची वार्षिक सर्वसाधारण सभा असते, स्टेडियमच्या आतच. मी अण्णांना घेऊन गेले. उन्हाचा दिवस होता, समोर मैदान हिरवंगार. पाच लाखांहून जास्त मालकांपैकी काही हजार तिथे बाकांवर बसलेले, डोक्यावर चीझच्या आकाराच्या पिवळ्या टोप्या, मांडीवर पोरं. अध्यक्षांनी अहवाल मांडला, मग खजिनदार उभे राहिले. लीगमधल्या इतर कोणत्याही संघाचा ताळेबंद लोकांपुढे येत नाही, कारण इतरांना धनी आहेत. पॅकर्सचा येतो. आणि कार्यकारी समितीतल्या लोकांमध्ये अध्यक्ष सोडला तर कोणाला मानधन नाही, हे मी अण्णांच्या कानाशी सांगितलं.

"शांत बस," ते म्हणाले. "आकडे वाचतायत."

त्यांना इंग्रजी आकडे नीट कळतात. खिशातलं बॉलपेन काढून ते सभेच्या छापील कागदाच्या पाठीवर उतरवून घेत होते: उत्पन्न, खर्च, राखीव निधी. शेजारच्या बाकावरच्या एका माणसाने वाकून पाहिलं आणि त्यांना ऊन लागू नये म्हणून आपली टोपी पुढे केली. अण्णांनी ती घातली आणि लिहीत राहिले.